पैसा पह्यले, चाबी मंग

कोणत्याही गॅरेजच्या मागच्या भिंतीशी जुने टायर साठलेले असतात. ते कुणी मुद्दाम आणून ठेवत नाही, आणि फेकायचं म्हटलं तर कुणाचा जीव होत नाही. आमच्या शामरावजींच्या गॅरेजमध्ये किस्से असेच साठले. मी तिथं सहा वर्षं मुनीम होतो. सहा वर्षांत पगार दोनदा वाढला, किस्से मात्र दर महिन्याला वाढत गेले!

गॅरेज वर्ध्यात, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. दुरुस्ती नावाला, खरा धंदा जुन्या मोटारी विकण्याचा. स्वातंत्र्य येऊन पाच-सात वर्षं झाली होती, मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली होती आणि बड्या लोकांच्या दारातल्या विलायती गाड्या स्वस्तात निघत होत्या. शामरावजी त्या घ्यायचे, पुंडलिक मिस्त्री त्या चालत्या करायचा आणि मी गिऱ्हाइकांना पत्रं लिहायचो. गिऱ्हाईक बहुधा लांबचं. कुणी रायपूरचं, कुणी सिवनीचं, कुणी चांद्याचं. गाडी तिकडे जायची व्यवस्थित. पैसा इकडे येईपर्यंत मात्र दर वेळी नवं रामायण!

शामरावजींना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, हेही आताच सांगून टाकतो. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हलवाई काय सारी मिठाई सोताच खाते का?"

*

पहिला फटका बालाघाटच्या एका रईस माणसाकडून बसला. माणूस रुबाबदार, बोटात दोन अंगठ्या. त्यानं चेक लिहून दिला. शामरावजींनी सहीकडे पाहिलं, अंगठ्यांकडे पाहिलं आणि चावी देऊन टाकली. आठ दिवसांनी बँकेनं चेक परत पाठवला.

शामरावजी बालाघाटला गेले. बंगल्यावर नोकर म्हणाला, "साहब शिकार पे गये हैं." पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. साहब पुन्हा शिकारीला! तिसऱ्या खेपेला शामरावजी भडकले. म्हणाले, "अरे, तुमचा साहेब इतल्या वेळा जंगलात जाते तरी कायनं?"

नोकर अभिमानानं म्हणाला, "नई मोटर से!"

तगाद्यानं थोडेफार आले, अर्धेअधिक पैसे बुडाले ते बुडालेच. काकूंनी, म्हणजे शामरावजींच्या मंडळींनी, गॅरेजमध्ये येऊन आम्हा तिघांसमोर निकाल दिला. "आजपासून पैसा पह्यले, चाबी मंग. अजून एक गाडी अशी गेली, तं गॅरेजले कुलूप. हिंगनघाटले माह्या भावाच्या जिनिंगात कापसाच्या गाठी मोजाले जा!"

हा भाऊ शामरावजींपेक्षा अकरा वर्षांनी लहान होता आणि त्यांना 'काय म्हनते धंदा?' असं हसत विचारायचा. त्याच्या हाताखाली नोकरी, या कल्पनेनंच शामरावजींचं जेवण कमी झालं. त्या दिवसापासून ते गाडी विकायला बसले की मला त्यांच्या तोंडावर ते जिनिंग दिसायचं.

*

सिवनीच्या एका म्हाताऱ्या मालगुजारानं गाडी घ्यायचं ठरवलं आणि पैसे पाठवायची जुनी सावकारी रीत कळवली. शंभराच्या नोटा मधोमध कापायच्या. डाव्या अर्ध्या नोटा आधी रजिस्टरनं पाठवायच्या. त्या मिळाल्या की आम्ही गाडी रवाना करायची. गाडी पोचली की तो उजव्या अर्ध्या पाठवणार. नुसत्या अर्ध्या नोटा ना चोराच्या कामाच्या, ना लबाडाच्या!

शामरावजी खूश झाले. डाव्या आल्या, गाडी गेली, उजव्या आल्या. मी नंबर जुळवायला बसलो. पाच नोटांचे नंबर काही केल्या जुळेनात.

झालं होतं असं, की त्याच आठवड्यात म्हाताऱ्यानं आर्वीच्या एका शेतकऱ्याकडून गवळाऊ बैलांची जोडी घेतली होती आणि तिचेही पैसे ह्याच रीतीनं पाठवले होते. उजव्या अर्ध्या लखोट्यात भरताना गाडीच्या पाच नोटा बैलांकडे गेल्या आणि बैलांच्या पाच गाडीकडे आल्या!

म्हाताऱ्यानं आमचा पत्ता कळवला, तसा चौथ्या दिवशी तो आर्वीकर गॅरेजमध्ये हजर झाला. डोक्याला पागोटं, पाच अर्ध्या नोटा मुठीत घट्ट. शामरावजींच्याही मुठीत पाच. आधी कुणी द्यायच्या, यावर दोघं अडून बसले.

"पह्यले तुमी द्या."

"काऊन? पह्यले तुमी!"

दोन वेळा चहा झाला. पुंडलिकानं तोडगा काढला, की तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम टेबलावर ठेवायच्या. पुंडलिकानं तीन म्हटलं. कुणीच ठेवल्या नाहीत. असं दोनदा झालं.

शेवटी आर्वीकरानं विचारलं, "मालक, तुमची गाडी गेली?"

"केव्हाचीच गेली."

"माहे बैल बी गेले. मंग आता आपन दोघं कोनाले भेऊन राह्यलो?"

*

कापलेल्या नोटा चिकटवून, बँकेच्या खिडकीत तास-दोन तास उभं राहून खपल्या. त्यानंतर शामरावजींनी ही रीत बंद केली आणि बिल्टीचा रस्ता धरला. गाडी रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर चढवायची, रेल्वेची पावती म्हणजे बिल्टी बँकेमार्फत पाठवायची. तिकडच्या बँकेत पैसे भरल्याशिवाय गिऱ्हाइकाला बिल्टी नाही, आणि बिल्टीशिवाय मालधक्क्यावरून गाडी नाही. यात फसायला जागाच नव्हती.

गिऱ्हाईक रायपूरचे एक वकीलसाहेब. गाडी पोचली. वकीलसाहेबांनी नियम वाचला. बिल्टीशिवाय गाडी नेता येत नाही, हे खरं. पण नियमात गाडीत बसायला मनाई कुठंही लिहिलेली नव्हती! ते रोज कचेरी सुटली की मंडळी आणि सासू यांना घेऊन मालधक्क्यावर जायचे. सगळे गाडीत बसायचे, डब्यातलं फराळाचं खायचे, हॉर्न वाजवायचे आणि घरी यायचे. एक दिवस त्यांनी फोटोग्राफर बोलावून गाडीतला कुटुंबाचा फोटोही काढून घेतला. पैसे भरायची घाई कशाला करतील?

इकडे धक्क्याचं भाडं चढत होतं आणि शामरावजी रोज हिंगणघाटच्या दिशेला बघून उसासा टाकत होते. पाचव्या दिवशी वकीलसाहेबांची तार आली. इंग्रजीत होती, मी अर्थ सांगितला. "हॉर्न कमजोर आहे. पन्नास कमी करा."

शामरावजींनी तार दोनदा वाचून घेतली. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून पाच मिनिटं विचार केला. मग म्हणाले, "लिहा बाबूराव. फक्त दोन शब्द. 'वाजवू नका!'"

दुसऱ्या दिवशी पैसे भरले गेले. हॉर्नच्या धास्तीनं की सासूच्या आग्रहानं, कोण जाणे.

*

चांद्याच्या गाडीच्या वेळी बिल्टीही नको म्हणून शामरावजींनी पुंडलिकालाच गाडी घेऊन धाडलं. पुंडलिक मिस्त्री म्हणजे सरळ माणूस. सांगितलं तेवढं करणार, आणि सांगितलं ते पुरेपूर करणार. निघताना शामरावजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बजावलं, "पुंडलिक, पूरे पैसे हाती येतपर्यंत शिटावरून उठजो नको."

तो चांद्याला पोचला त्या दिवशी सणाची सुट्टी. पाठोपाठ रविवार. बँक बंद. गाडी घेणारे घरमालक म्हणाले, "मिस्त्री, या, हातपाय धुवा, जेवा." पुंडलिक म्हणाला, "मालकाचा हुकूम नाई."

दोन दिवस तो दारात गाडीतच बसून होता! जेवणाचं ताट खिडकीतून आत जायचं आणि खिडकीतून बाहेर यायचं. न्हावी आला, त्यानंही दाढी खिडकीतूनच केली. गल्लीतली माणसं बघायला यायची. घरातल्या बायांना त्याची दया येऊन त्या रोज एक गोड पदार्थ जास्त वाढायच्या.

तिसऱ्या दिवशी पैसे घेऊन तो परत आला. रकमेत अडीच रुपये कमी! शामरावजींच्या कपाळाला आठ्या. सोबत घरमालकाची चिठ्ठी होती. मी मोठ्यानं वाचली. "मिस्त्री रोज सकाळी नाल्यावर जाताना गाडी घेऊनच जात असल्याने, पेट्रोलबद्दल अडीच रुपये वजा केले आहेत."

पुंडलिक म्हणाला, "तुमीच म्हनलं होतं, शिटावरून उठजो नको म्हनून. नाल्यावर उठलो, पन गाडी नजरंखाली ठेवली."

*

आता शेवटची गाडी सांगतो. ती मोठी काळी विलायती मोटार होती आणि शामरावजींनी होतं नव्हतं ते सगळं भांडवल तिच्यात घातलं होतं. ती बुडाली असती तर गॅरेज गेलंच होतं. मेव्हण्यानं जिनिंगमध्ये त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवल्याचा निरोपही पाठवला होता.

गिऱ्हाईक आदिलाबादकडचे लाकडाचे ठेकेदार, राजण्णा. गाडी वर्ध्याला येऊन बघून गेले होते. सौदा बत्तीसशेचा. त्यांचं पत्र आलं, की गिरडला शेख फरीद बाबांच्या दर्ग्यावर नवस फेडायला येतो आहे. गाडी तिथंच आणा, रोख पैसे देतो.

शामरावजी उडालेच. "याच्यापेक्षा पक्की जागा कोनती? गिरडच्या टेकडीवर खोटं बोलाची कोनाची हिंमत आहे?"

आमच्याकडच्या कुणालाही विचारा, तो सांगेल. त्या टेकडीवर सुपारीएवढे गोल दगड सापडतात. माल घेऊन चाललेल्या व्यापाऱ्यांनी तिथं बाबांशी खोटेपणा केला आणि त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झाले, अशी कथा आहे.

आम्ही तिघं त्या गाडीतून निघालो. पुंडलिक चालवत होता. हिंगणघाट मागं पडल्यावर तो हळूच म्हणाला, "मालक, अन् भुस्याचं काय?"

गिअर बॉक्स फार खडखडत होता, म्हणून पुंडलिकानं मालकाच्या सांगण्यावरून त्यात लाकडाचा भुसा भरला होता. भुसा भरला की दोन-तीन महिने आवाज येत नाही. त्या काळी सगळेच असं करायचे, आम्हीही.

"बाबा गिऱ्हाइकाकडे पायतीन," शामरावजी म्हणाले. "आपन तं इकून राह्यलो."

"पन मालक, ते दगडवाले बी इकनारेच होते ना?"

शामरावजींनी पानाचा डबा उघडला, पान न लावताच मिटला आणि थैलीत टाकला.

राजण्णा टेकडीच्या पायथ्याशीच उभे होते. पांढरं धोतर, काळा कोट, नुकतेच दर्शन घेऊन आलेले. त्यांनी नोटा दिल्या. मी मोजल्या, पुंडलिकानं मोजल्या, शामरावजींनी मोजल्या. बरोबर बत्तीसशे. चावी दिली. राजण्णा हात जोडून म्हणाले, "सेठजी, गाडी में कुछ खोट तो नहीं ना?"

शामरावजींनी टेकडीकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "गाडी तुमच्या समोर आहे."

परतीच्या सर्व्हिस मोटारीत, म्हणजे बसमध्ये, त्यांनी नोटांची थैली मांडीवर घट्ट धरली होती. दर पाच मिनिटांनी आत हात घालायचे. मी विचारलं, "काय पाहता?"

"नोटाच आहेत ना, ते पाहून राह्यलो."

कोसभर गेलो असू. त्यांनी पुन्हा हात घातला आणि किंचाळले, "थांबव! मोटार थांबव!" बोटांना काहीतरी कडक लागलं होतं. काढून बघितलं, तर त्यांचाच पानाचा डबा! पण तोवर त्यांचे पाय खाली उतरले होते. म्हणाले, "मले नाई होत, बाबूराव. जिनिंगात गाठी मोजीन, पन हे ओझं नाई होत. चला, सांगून येऊ." भर उन्हात आम्ही तिघं गिरडकडे चालायला लागलो. मला त्यांची कीवही आली आणि अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू.

थोडं चाललो, तर समोरून धुरळा उडाला. आमचीच काळी मोटार! राजण्णा घाईनं उतरले. चेहरा उतरलेला, एका हातानं कोटाच्या आतल्या खिशात काहीतरी घट्ट धरलेलं.

दोघं एकदम म्हणाले, "एक बात कहनी थी."

"पहले आप," राजण्णा म्हणाले.

शामरावजींनी डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकलं. "गिअर बॉक्समधे भुसा भरेल आहे. आवाज येते म्हनून भरला. पाहिजे तं सौदा मोडा, हे घ्या तुमचे पैसे." आणि थैली पुढं केली.

राजण्णा इतके हसले की पागोटं सावरावं लागलं. "भुसा? बस? सेठजी, भुसे की हमारे पास क्या कमी!" त्यांनी थैली शामरावजींच्या छातीशी परत लोटली आणि खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. "जाओ, हिसाब बराबर."

"अन् तुमी काय सांगत होते?"

ते तोवर गाडीत बसले होते. गाडी वळवली, हात हलवला आणि गेले.

घरी काकूंनी नोटा तीनदा मोजल्या. बत्तीसशे. दुसऱ्या दिवशी बँकेच्या कॅशिअरनं एकेक नोट उजेडाकडे धरून पाहिली, सगळ्या ठेवून घेतल्या. काकूंनी त्याच दुपारी माझ्याकडून भावाला पत्र लिहवून घेतलं, की खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी.

पत्र टाकून आलो, तर शामरावजी काळी मोटार उभी असायची त्या रिकाम्या जागेपुढे उभे होते. चेहऱ्यावर आनंद म्हणावा तर तसा दिसेना.

"बाबूराव," ते म्हणाले, "पैसा पूरा. नोटा खऱ्या. मंग तो मानूस खिशात काय घेऊन वापस येऊन राह्यला होता?"