चाळीस मिनिटांचं पाणी

घड्याळजींचा देवावर विश्वास होता. त्याच्या खालच्या कोणावरही नव्हता. भाजीवाल्याने तोलून दिलेली भाजी ते घरी पुन्हा तोलत. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवत, आणि दुसरा ‘बरोबर आहेत’ म्हणाला की दोघं एकमेकांना सामील आहेत, असं ठरवून मोकळे होत. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. भिंगातून धूळ तेवढी दिसते, असं त्यांची बायको म्हणायची, पण हळू.

अशा माणसाने रहिवासी मंडळाच्या वाटेला जाणं शक्यच नव्हतं. मंडळ म्हणजे खुर्च्या उबवायचं ठिकाण, हे त्यांचं ठाम मत. अकरा वर्षांत ते एकाही सभेला गेले नव्हते. ते गेले ते पाण्यामुळे.

वसाहतीत घरांच्या दोन ओळी होत्या, पुढची आणि मागची. टाकी एकच. टाकीखालच्या पंपाच्या खोलीत चावीवाला राहायचा, बायको आणि दहावीतल्या मुलीला घेऊन. पाणी सोडायच्या कामावर खोली मिळालेली. काम गेलं की खोली गेली. सकाळी सहाला लांब लोखंडी चावीने मागच्या ओळीचा व्हॉल्व उघडायचा, चाळीस मिनिटांनी बंद करायचा. सातला पुढच्या ओळीचा, तोही चाळीस मिनिटं. बारा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग पुढच्या ओळीतल्या शेवटच्या घरात एक नर्सबाई राहायला आल्या. ते घर आधी सहा-सात वर्षं कुलूपबंद होतं. बाईंच्या नळाला सव्वासातलाच धाप लागायची आणि साडेसातला तो गप्प व्हायचा. रात्रपाळी करून आलेल्या बाईला आंघोळीपुरतंही पाणी नाही. बाई सभेत तडतडल्या, पुढची ओळ त्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि कोणीतरी म्हणालं की मागच्या ओळीने चावीवाल्याला फितवलंय.

घड्याळजी मागच्या ओळीतले. हे ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते पुढच्याच सभेला हजर झाले. अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचे रंगाचे दुकानदार. ते म्हणाले, “तुम्हीच घ्या ना पाण्याचं काम. बरोबर चालणारं घड्याळ वसाहतीत तुमच्याशिवाय कोणाकडे आहे?”

“घेतो. चोर पकडूनच दाखवतो,” घड्याळजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते पंपाच्या खोलीसमोर उभे. हातात वही, वहीत दोन रकाने. चावीवाला आधी हसून म्हणाला, “काका, खुर्ची देऊ?” हा हसतो का, असं यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. बारा दिवस त्यांनी वेळ लावली. चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं. कधी दहा-वीस सेकंद जास्तच. दुसरा कोणी असता तर त्याचं समाधान झालं असतं. यांचा संशय बळावला. ज्याचं सगळं बरोबर असतं, तोच काहीतरी झाकत असतो, हा त्यांचा दुकानातला अनुभव. त्यातून खोलीमागे चावीवाल्याच्या बायकोने पालक लावलेला, चांगला हिरवागार. पंपातून ठिबकणारं पाणी डब्यात धरून ती पालकाला घालायची. डबा समोरच होता. घड्याळजींनी पालक पाहिला, डबा पाहिला नाही.

सभेत ते म्हणाले, “वेळ बरोबर आहे, आणि पाणी कमी आहे. मग कुठेतरी पाणी मुरतंयच. आणि चावी कोणाच्या हातात आहे? एकाच माणसाच्या. हा माणूस बदला.”

त्यांच्या शब्दाला वजन होतं, कारण ते कोणाचेच नव्हते. येत्या रविवारी चावीवाल्याने खोली सोडावी असं ठरलं. त्याच्या मुलीची परीक्षा महिन्यावर आली होती. चावीवाला दाराशी उभा राहून ऐकत होता. काही बोलला नाही. बघा, बोलत नाही, असं घड्याळजींना वाटलं.

पण नर्सबाई फटकळ होत्या. सभा सुटल्यावर त्यांनी घड्याळजींना गाठलं. “माणूस काढलात, ठीक. पण पाणी जातं कुठे, ते सांगा ना. नाहीतर नवा येईल आणि माझा नळ तसाच कोरडा. चोर सोडून संन्याशाला सुळी नको व्हायला.”

हे त्यांना झोंबलं. शुक्रवारी सातला ते एक लाकडी दांडा घेऊन निघाले. मोठ्या भिंतीवरच्या घड्याळाचं दुखणं ते असंच ओळखत: दांड्याचं एक टोक घड्याळाला, दुसरं कानाला. पुढच्या ओळीचा पाइप प्रत्येक फाटकापाशी जमिनीच्या वर येत होता. पहिल्या घरापाशी पाण्याचा आवाज भरघोस. दुसऱ्या, तिसऱ्या घरापाशीही तसाच. चौथ्यापाशी एकदम बारीक. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये कोणीतरी पाणी ओढत होतं! घड्याळजींना असा आनंद झाला की विचारू नका. त्या दोन घरांमधून एक बोळ मागच्या ओळीकडे जायचा. ते बोळात शिरले. फरशीला दांडा लावला: घुर्र. चार पावलांवर पुन्हा: घुर्र. बोळ संपला तिथल्या भिंतीला लावला, तर आत धो-धो आवाज. त्यांनी मान वर केली. भिंत त्यांच्याच न्हाणीघराची होती.

ते मग घरात गेले आणि बायकोला म्हणाले, “आपल्या हौदात सातचं पाणी कसं येतं गं?”

बायको भांडी विसळत होती. तिने हात पुसले. “आईंच्या वेळेपासून येतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे आई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून. रोज सहा-सहा चादरी धुवायच्या होत्या. चाळीस मिनिटांच्या पाण्यात कशा धुणार? एक दिवस तुम्ही दुकानात गेल्यावर मी पुढच्या ओळीचं पाणी जोडून घेतलं. आई गेल्या, जोड तशीच राहिली.” मग तिचा आवाज चढला. “दोन वर्षं तुमच्या आईच्या चादरी कुठल्या पाण्याने धुतल्या गेल्या, हे विचारलंत कधी? भाजी मात्र दोनदा तोलता!”

घड्याळजींना लाज वाटली, चांगली सणसणीत लाज. “जोड कोणी करून दिली?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

“चावीवाल्या भाऊंनी. आणि हे बघा, उगाच सभेत जाऊन शहाणपणा करू नका. मी आजच ती बंद करून घेते. कोणाला कळायचं नाही.”

ते उठले आणि तडक पंपाच्या खोलीवर गेले. मुलगी पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. यांना पाहून आत गेली.

“तुला माहीत होतं,” घड्याळजी म्हणाले.

“मीच खणलं तिथे, काका. माहीत नसायला काय झालं?”

“मग सभेत का नाही बोललास? तुझी खोली चालली होती.”

“ताईंचं नाव बाहेर आलं असतं. आजींसाठी केलं होतं त्यांनी. नंतर ते शेवटचं घर बंदच होतं, कोणाचं काही अडत नव्हतं. नर्सबाई आल्यावर मी ताईंना सांगणार होतो, तेवढ्यात तुम्ही वही घेऊन उभे राहिलात. मग मी काहीही म्हटलं असतं, तरी तुम्ही बहाणाच म्हटला असता.”

घड्याळजींनी इकडेतिकडे पाहिलं. “तुला माझ्याकडून काय हवंय?”

चावीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. “काही नको,” म्हणाला. आणि सवय इतकी वाईट की परतताना सबंध वाटभर घड्याळजी विचार करत होते, काही नको म्हणजे नक्की काय हवं असेल?

पण रविवारी सभेत ते उभे राहिले. बायकोचं नाव त्यांनी घेतलं नाही. “जोड माझ्या घरात आहे. पाणी मी घेतलं. चावीवाल्याचा दोष नाही.”

अध्यक्षांनी डोळे बारीक केले. “घड्याळजी, खरं सांगा, त्याने तुम्हाला गळ घातली का?”

“एवढा माणूस आपण होऊन कबूल करतो म्हणजे काहीतरी असणार,” मागून कोणीतरी म्हणालं. दोघांची मिलीभगत आहे, हे पाच मिनिटांत जवळपास ठरलं. घड्याळजी ऐकत होते. प्रत्येक वाक्य त्यांचंच होतं, तोंड फक्त दुसऱ्याचं.

शेवटी नर्सबाईच उठल्या. “चला, बघूया तरी.” सगळी सभा घड्याळजींच्या न्हाणीघरात. बायको दारात पांढरीफटक पडलेली. घड्याळजींनी स्वतः छिन्नी-हातोडा घेतला. आयुष्यभर केसाएवढे स्क्रू फिरवलेला हात, पहिल्या तीन घावांत बोट ठेचलं. पण भिंत फुटली, पाइप दिसला, अध्यक्षांचा चेहरा पडला. चावीवाल्याला काढायचा ठराव तिथेच, उभ्याउभ्या, मागे घेतला गेला.

घड्याळजी धावतच पंपाच्या खोलीकडे निघाले. बोटातून रक्त येत होतं, पण इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. खोलीबाहेर टेम्पो उभा होता. चावीवाला ट्रंकेला दोर आवळत होता.

“थांब, सोड ते. ठराव मागे घेतलाय. तू इथेच राहायचंस.”

“कळलं मला. उपकार झाले. पण मेहुण्याकडे सोय झालीय, मुलीची शाळाही तिथून जवळ पडते.”

“अरे, पण आता कशाला? मी परत कधी वही घेऊन उभा राहणार नाही. वचन देतो.”

चावीवाल्याने गाठ मारली आणि दोर ओढून पाहिला.

“तुम्ही नाही राहणार, काका. पण रोज व्हॉल्व उघडला की मी मागे वळून बघणार, तुम्ही उभे आहात का ते. मला तशी सवय लावून घ्यायची नाहीये.”

त्याने ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी धरायला कोणी नव्हतं, म्हणून घड्याळजींनी धरली.