बाबांची गाडी आणि माझी शिट्टी

आमच्या मुलुंडच्या कॉलनीत दर हिवाळ्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं. बागेलगतचा रस्ता सकाळभर बंद ठेवतात, दोन्ही कडांना गाड्या लावतात आणि लोक फोन उंचावून बघायला येतात. गेल्या वर्षी वाहतूक सांभाळायला मी नाव दिलं. नारिंगी जॅकेट मिळालं, शिट्टी मिळाली आणि देवळाकडच्या वळणावरची जागा मिळाली. बँकेत आयुष्यभर काउंटरवर बसल्यामुळे रांगा लावायची मला सवय. रिक्षा परत फिरवायच्या, स्कूटरवाल्यांना उतरून ढकलत जायला सांगायचं, बघ्यांना दोरीमागे ठेवायचं. खरं सांगायचं तर मजा येत होती.

मग माझा धाकटा भाऊ पार्ल्याहून बाबांची गाडी घेऊन आला.

तो येणार हे मला माहीत होतं. गाडी अशी दिसेल हे माहीत नव्हतं. बाबा गेले तेव्हा ती बिल्डिंगखाली धूळ खात पडली होती. आता तिला पुन्हा तोच दुधी रंग दिला होता, सीटना तांबडं रेक्झिन होतं आणि बंपरमध्ये तोंड दिसत होतं. माझ्याच वळणावर ती उभी राहिली आणि बाकीच्या गाड्यांसमोरची गर्दी तिच्याकडे सरकली. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला ते बघवत नव्हतं.

भाऊ बॉनेट उघडून लोकांना सांगत होता, "कॉलेजात असताना बाबांनी मला हिच्यावर चालवायला शिकवलं."

खरंच होतं ते. रविवारी आम्ही गोराईकडे जायचो. रस्ता मोकळा लागला की बाबा त्याला स्टिअरिंगवर बसवायचे आणि त्याच्या हातावर हात ठेवून गियर बदलायला शिकवायचे. त्या गाडीचा गियर स्टिअरिंगला लागूनच होता. मी मागच्या सीटवर आईशेजारी. एकदा मी विचारलं, "बाबा, मला?" ते म्हणाले, "तुला कशाला ते टेन्शन? तुझा नवरा चालवेल की." रागाने नाही, लाडाने म्हणाले. म्हणून भांडताही आलं नाही. लग्नानंतर मी क्लास लावून शिकले आणि आजवर नवऱ्याला स्टेशनला सोडायला मीच जाते. पण ती गोष्ट गर्दीत कोण सांगणार?

"ही माझी ताई," भावाने मला जवळ ओढून लोकांना दाखवलं. "आज आमची ट्रॅफिक हवालदार."

लोक हसले. मीही हसले आणि शिट्टी मारून म्हणाले, "मागे व्हा, गाडीला हात लावू नका." दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूची राखण करत असल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळाने तो बाकीच्या गाडीवाल्यांबरोबर चहाला गेला, आणि नेमकी तेव्हाच वळणावर एक रिक्षा येऊन थांबली. आत एक म्हातारे गृहस्थ मान टाकून बसले होते. त्यांची सून रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, छातीत दुखतंय यांच्या. पलीकडचं हॉस्पिटल जवळ आहे, सोडा ना."

दोरी सोडली तरी रिक्षा जाणार कुठून? बाबांच्या गाडीचं नाक रस्त्यात आलेलं होतं. भावाला फोन लावला, उचलला नाही. किल्ली त्याच्याकडे, पण फोटोसाठी दार उघडंच ठेवलेलं. मी आत बसले. गियर हलवून मोकळा केला, हँडब्रेक सोडला आणि काच खाली करून ओरडले, "चार जण पुढे लागा, मागे ढकला. बाकीचे फुटपाथवर चढा."

सकाळपासून दटावून ठेवलेली तीच माणसं धावली. गाडी हळूहळू मागे गेली, मी ती बागेच्या कुंपणाला लावली आणि रिक्षा निघून गेली. बाबांच्या जागेवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसले होते, तेही इंजिन बंद असताना.

भाऊ धावत आला. "कोणी हलवली गाडी?"

"मी."

त्याने आधी बंपर पाहिला. "ताई, मला बोलवायचं ना. कालच पॉलिश केलंय यार."

सगळं कळल्यावर तो वरमला. पण बंपर त्याने आधी पाहिला, ते माझ्या मनातून गेलं नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला. ते गृहस्थ बरे असल्याचं मी त्याला सांगितलं; सुनेने कॉलनीत निरोप पाठवला होता. मग ठेवता ठेवता तोंडातून निघून गेलं, "ती गाडी मला हवी होती रे."

तो म्हणाला, "तू कधी मागितलीच नाहीस."

"तुला तरी कुठे मागावी लागली?"

पुढच्या रविवारी तो न सांगता गाडी घेऊन दारात आला. विक्रोळीच्या कारखान्यांमागच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने मला चालवायला दिली. दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली, आणि मी ती खारफुटीच्या बाजूने पार टोकापर्यंत नेली. छान चालवलीस, असं तो मनापासून म्हणाला.

परत येताना तो चालवायला बसला. बोलता बोलता, न बघता त्याने गियर टाकला. मनगटाची तीच बाबांची सवय, कोपर तसंच खिडकीवर. गाडी तो मला उद्या देईलही. तो हात मात्र त्याच्याकडेच राहणार. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तो म्हणाला, "गप्प का गं?"

"काही नाही," मी म्हणाले. "सिग्नल बघ."