रत्नप्रभाबाईंच्या आईचं नाव

भोपाळच्या पिपलानीतल्या कारखान्याच्या वसाहतीत कुणाचं माहेर कुठलं, कुणाची मावशी कुठे दिली, हे विचारायचं तर रत्नप्रभाबाईंना. लग्न जुळवायचं असो की मोडायचं, मराठी मंडळी आधी त्यांच्या क्वार्टरची बेल वाजवत. बाई चहा टाकता टाकता चार पिढ्या सांगून मोकळ्या होत. आणि अशा या बाईला स्वतःची आई कोण, तेच माहीत नव्हतं. नशिबाला चेष्टा सुचते ती अशी.

नागपूरच्या महालातल्या एका घरात, सेहेचाळीस साली, दोन जावा एकाच दुपारी बाळंत झाल्या. थोरली विमल, धाकटी उषा. दोघींनाही मुली. धांदलीत सुईणीने दोन्ही बाळं एकाच सुपात ठेवली. दोघी आया तापाने बेशुद्ध. संध्याकाळपर्यंत एक मूल गेलं, आणि कुणाचं ते सुईणीला सांगता येईना. उरलेल्या मुलीला दोघींनी पाजलं. तीही एकीला थोरली आई म्हणे, दुसरीला धाकटी आई. शाळेत नाव घालायला विमलबाईंचे यजमान गेले म्हणून तेच वडील लागले. नातेवाईक मात्र नाक विमलचं की हनुवटी उषाची, यावर चाळीस वर्षं तावातावाने भांडत राहिले. त्यांना दुसरा उद्योग नव्हता.

कारखान्यात टर्नर असलेल्या शांतारामांशी लग्न होऊन बाई भोपाळला आल्या आणि रमल्या. नवरा मितभाषी, अंगणात पेरूचं झाड, रविवारी पोहे-जलेबी. सुखाला काही कमी नव्हतं. एकच धास्ती होती, आपल्या तोंडून कुणा एकीचं नाव निघेल आणि दुसरी खचेल.

शहाऐंशी साली शांतारामांच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघाला. घरातल्या लेकीसुनांसकट प्रत्येकाची नोंद त्या पुस्तकात व्हायची होती. त्यासाठी शांतारामांचे यशवंतकाका पुण्याहून थेट भोपाळला आले. निवृत्त मुख्याध्यापक. रकाना रिकामा दिसला की त्यांना अन्न गोड लागत नसे.

"सूनबाई, सगळं भरलंत. तुमच्या आईचं नाव तेवढं राहिलं."

"काका, आधी गरम जलेबी घ्या. सब्जी होतेच आहे."

"जिलबी खाईन. पण नाव?"

बाईंचा हात थांबला. "ते सोडून द्या ना. दोघी अजून आहेत. एकीचं लिहून दुसरीची कूस रिकामी करू का मी, या वयात?"

काकांनी पिशवीतून दोन कागद काढले. "मी दोघींनाही पत्र घातलं होतं. लोक हक्क सांगायला लिहितात. इथे सगळं उलटंच. वाचा."

विमलबाईंचं पोस्टकार्ड होतं. 'मुलगी उषाची. माझी त्या दिवशी गेली. तसंच छापावं.' उषाबाईंचं आंतर्देशीय पत्र. 'मुलगी जाऊबाईंची. गेली ती माझी. हे पत्र त्यांना दाखवू नये.'

"दोघींपैकी कुणीतरी एक खोटं बोलतेय," काका म्हणाले. "कोण ते कळत नाही."

"त्यांनाही कळलेलं नाही, काका," म्हणत बाई तिथेच फरशीवर बसल्या. जन्मभर त्यांना वाटत होतं, दोघी आपल्याला दोन बाजूंनी ओढताहेत. प्रत्यक्षात दोघींनी गेलेलं बाळ आपल्याकडे ठेवून जिवंत बाळ दुसरीला देऊन टाकलं होतं. बाई ओक्साबोक्शी रडल्या. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला तेव्हा शांतारामांनीच जाऊन गॅस बंद केला.

मग बाईंनी पदराने तोंड पुसलं, काकांचं पेन घेतलं आणि त्या इवल्याशा रकान्यात दाटीवाटीने दोन्ही नावं लिहिली.

"हे नियमात बसत नाही हो, सूनबाई."

"बसवा," बाई म्हणाल्या. इतकं हलकं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, नागपूरची तिकिटं काढा. दोघींना समोरासमोर बसवून मला सांगायचंय. चाळीस वर्षं एकेकट्या रडल्या त्या. गेलेली मुलगीसुद्धा दोघींचीच होती."