आखूड केलेली कॉइल

मंडळी, आज स्वतःपुढंच हात टेकले.

आमच्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम. बायको पैंजण करती. ते धुवायला गरम पाणी लागतं, म्हणून कॉइलची शेगडी हाय. संध्याकाळी आयटीआयतनं शिकवून, दमून घरी आलो, तर शेगडीचा प्लग वितळलेला आणि बायकोच्या बोटांना चटका बसलेला.

दुसरा प्लग जोडून मीटर लावला. २३० व्होल्टला साडेअकरा अँपिअर! व्होल्टला अँपिअरनं भागलं, रेझिस्टन्स वीस ओहम. गुणलं, तर पॉवर २६४५ वॅट. शेगडी दोन हजार वॅटची.

म्हणजे कॉइल आखूड झालेली. तुटली की जळका तुकडा काढायचा आणि टोकांना पीळ मारायचा, ही आमच्याकडची पद्धत. रेझिस्टन्स घटतो, करंट वाढतो, आणि लोक खूश, "आता लवकर तापतीया की!" वीस वर्षं पोरांना सांगतोय, असलं करू नका.

माझं टाळकंच सरकलं. ओरडलो, "कुणी केला हा शहाणपणा?"

बोटांना मलम लावत बायको म्हणाली, "तुम्हीच की. दोनदा. नवी कॉइल आणा म्हणलं, तर म्हणालासा, आज दमलोय, उद्या बघू."

गपगुमान शेगडी बंद केली, नवी कॉइल आणायला निघालो, आणि पायरीवर जरा टेकलो. तुम्हाला हे सगळं सांगत बसलो, तोवर समोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाचं शटर खाली आलं.

आता आत जाऊन तिला काय सांगू?