सगळेच हजर

माझी मावशी राउनी गावच्या पाणीपुरवठा कार्यालयाची प्रमुख. तिने एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीपायी कार्यालयाला कुलूप ठोकलं, अशी आवई गावभर उठली होती. कुलूपबिलूप काही नव्हतं. उलट तिने तिथल्या सहाही जणांच्या हातात एकेक किल्ली ठेवली आणि सांगितलं, "कधी यायचं, कुठून काम करायचं, तुमचं तुम्ही ठरवा. फोन तेवढा नुसता वाजत राहता कामा नये."

तिचा साहेब वेइक्को. हा माणूस खाकरल्याशिवाय वाक्य सुरू करत नाही आणि 'काय' लावल्याशिवाय संपवत नाही. "अह्हं... राउनी, माणूस डोळ्यासमोर नसला की काम होत नाही, काय? शिकारीच्या पहिल्या सोमवारी मी येतोय. फोनवर कोणी नसलं, तर मंगळवारपासून सगळे आठ ते चार खुर्चीत, काय?"

सोमवारी राउनी गाडीतून उतरली ती तडक दाराशी गेली. दार ढकललं, तर सहाच्या सहा जण हजर! पिशव्यांतून शिकारीच्या नारिंगी टोप्या डोकावत होत्या.

पाठोपाठ वेइक्को. "अह्हं... गेलं नाही कोणीच, काय?"

एस्को बुटांकडे बघत पुटपुटला, "मला वाटलं, बाकीचे जातील. कोणीतरी हवं ना."

"मलाही तसंच वाटलं," तुइया म्हणाली. उरलेल्या चौघांनी माना डोलावल्या.

"अह्हं... अरे, मग एकमेकांना विचारायचं, काय!" वेइक्को म्हणाला.

सहाही जणांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांना बाजारात कपडे उतरवायला सांगितलं होतं.

"अह्हं... बघ राउनी, यांना सुट्टीसुद्धा हुकमानेच द्यावी लागते, काय? चला, तिघं जा—"

"गप रे वेइक्को. तू सांगायचं नाहीस. मीही नाही."

एस्कोने कॉफीचं यंत्र लावलं. वेइक्कोने खाकरायला तोंड उघडलं की राउनी डोळे वटारायची. आतून तिचाही धीर सुटत चालला होता. शेवटी तुइया म्हणाली, "मला बंदुकीचा आवाज सोसत नाही. आज मी बसते. शुक्रवारी मात्र मला नातीकडे जायचंय."

"शुक्रवारी मी बसेन," एस्को म्हणाला. "आणि आजचे फोन हवं तर माझ्या मोबाइलवर वळव."

"रानात वाजला, तर एल्क काय थांबून तुझं बोलणं ऐकणार आहे?" तुइया म्हणाली.

पहिला हसला तो वेइक्को. तेवढ्यात फोन खणाणला. तुइयाने झटकन उचलला, "पाणीपुरवठा, बोला!" आणि पाच नारिंगी टोप्या दाराबाहेर पडल्या.

"अह्हं... नाताळपर्यंत चालू दे," वेइक्को म्हणाला आणि 'काय' लावायचा विसरला. राउनीने त्याला दालचिनीचा पाव दिला, स्वतः दोन खाल्ले.

सोमवारी ऑफिसात चिटपाखरूही नसेल, अशी पैज मी, तिच्या भाचीने, तिच्याशी लावली होती. मग काय, हरले. शिक्षा ठरलेली: सौनाच्या वाफेतून निघून थेट गारढोण तळ्यात उडी, तीही तोंडातून आवाज न काढता. उडी मारली. माझी किंकाळी पलीकडच्या काठापर्यंत गेली म्हणे.