उचलता येईल तेवढंच

फोन आला तेव्हा मी नागपूरच्या घरी पलंगावर सुटकेस उघडून बसले होते. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न पुण्याला, आणि कुठली साडी ठेवू, कुठली नको, या पेचात अख्खा दिवस गेला होता. फोन आसगावहून, बाबांचा. म्हणाले, "वहिनी गेली." दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. मी सुटकेस तशीच टाकली, पर्स उचलली आणि बसस्टँड गाठलं. पवनीच्या बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं की माझ्याजवळ अंगावरच्या कपड्यांशिवाय काहीच नाही, आणि त्याही अवस्थेत मला हसू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठाईच्या पसंतीचं सामान घेऊन प्रवासाला निघाले होते.

मोठाई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, अनुसयाबाई. आमच्याकडे थोरल्या काकूला मोठी आई म्हणतात, आणि घाईघाईत तिची मोठाई होते. काकांच्या माघारी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, तिनंच सांभाळल्या. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बायांची टोळी तिच्या हाताखाली असायची. आवाज असा की या बांधीतून हाक मारली तर तिसऱ्या बांधीतला बैल कान टवकारायचा. हसायची ती अख्ख्या अंगानं, आणि रागवायचीही तशीच. माझी आई, सुमन, तिची धाकटी जाऊ. आई तिला नुसतं "बाई" म्हणायची आणि तिच्या सावलीत राहायची. जावाजावांचं पटत नाही असं म्हणतात. या दोघींनी ते कधी मनावर घेतलं नाही.

आमच्या भागात पाहुणा येतो तो चुंगडीसकट, म्हणजे पोत्यासकट. नवा तांदूळ, लाखोळीची डाळ, पोहे. घरी धान पिकवणाऱ्यानं कुणाच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहणं म्हणजे नाक कापून घेणं. आणि निघताना यजमान ती चुंगडी रिकामी कशी द्यायची म्हणून दुसऱ्या कशानं तरी भरून देतो. अशी चुंगडी जन्मभर या घरातून त्या घरात हिंडत असते, माणसं फक्त तिच्या सोबतीला जातात. मोठाईसुद्धा एके काळी या धर्माची कट्टर होती. तिचा धर्म बुडाला तो जगन्नाथपुरीला.

मी तेव्हा कॉलेजात होते. ती सहल मी पाहिली नाही, पण इतक्यांदा ऐकली आहे की पाहिल्यासारखीच वाटते. गावातल्या बाया पहिल्यांदाच एवढ्या लांब निघाल्या होत्या, आणि सामान उचलायला म्हणून बाबा सोबत होते. परमुलखातला तांदूळ कसा निघेल कोण जाणे, म्हणून प्रत्येकीनं आपापला तांदूळ घेतला. मिळून नाही, आपापला! कारण एकीला भात मऊ लागतो, एकीला मोकळा. वर स्टोव्ह, गंज-पातेली, तवे. वाटेत गाडी बदलताना बाबांनी त्या चुंगड्या पुलावरून पाठीवर वाहिल्या. आणि सकाळी खिडकीतून बघतात तर काय, जिकडेतिकडे धानच धान. जिथं देवाचा प्रसादसुद्धा भात, तिथं आमच्या बाया भंडाऱ्याहून तांदूळ घेऊन निघाल्या होत्या!

पुरीला धर्मशाळेच्या खोलीची कडी लागत नव्हती. एवढं सामान सोडून सगळ्यांनी कसं जायचं? आई सगळ्यांत लहान, म्हणून ती राखणीला बसली. बाकीच्या सकाळी समुद्रावर जाऊन आल्या, आईला संध्याकाळी न्यायचं ठरलं. पण दुपारपर्यंत बाबांची कंबर धरली. सामान हलवायला वेळ लागेल, लवकर निघालेलं बरं, असं त्यांनी जाहीर केलं. उचलणारे ते, त्यांच्यापुढे कोण बोलणार? आई समुद्राच्या गावाला जाऊन समुद्र न पाहता परत आली. गाडीत तिचं तोंड उतरलेलं पाहून बाबांनी समजूत घातली, "समुद्र काय, आपल्या तलावासारखाच. पलीकडची पाळ दिसत नाही एवढंच."

मोठाई परतीच्या वाटेवर काही बोलली नाही म्हणतात, आणि मोठाई बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतं आहे हे गावाला ठाऊक होतं. घरी आल्यावर अंगणात चुंगडी आपटून ती म्हणाली, "जो उचलते, त्याचंच चालते. आपलं सामान आपल्याले उचलता आलं असतं त सुमननं समुद्र पायला असता." त्या दिवसापासून मोठाईच्या सहलीत पुरुषमाणूस नाही आणि चुंगडीही नाही. एक बाई, एक पिशवी. पुढे ती नागपूरला माझ्याकडे यायची तीही काखेत पिशवी मारून, आणि त्यात फडक्यात बांधलेला मूठभर तांदूळ. माझ्या सासूबाईंना ते खटकलं. एवढ्या बांध्या असलेली बाई आणि मूठभर तांदूळ? मोठाईच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "चुंगडीभर आणला असता त ह्या बाई तांदळाशी बोलल्या असत्या. आता माह्याशी बोलून राहिल्या." आणि खरंच, दोघी दिवसभर बोलत बसल्या होत्या.

पिशवी भरण्याची तिची रीत रोवण्यातून आलेली होती. रोवणा करताना पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, उपटून त्यांच्या पेंड्या बांधतात आणि चिखलात उभ्या बायांकडे फेकतात. गाठ अशी मारायची की फेकताना सुटू नये, पण एका हातानं ओढली की सुटावी. मोठाई साड्यांच्या तशाच पेंड्या बांधायची. साडी, पोलकं, परकर, सगळं एकत्र गुंडाळून वर जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी आणि तीच गाठ. एका दिवसाला एक पेंडी. गर्दीच्या धर्मशाळेत बाकीचे प्रवासी बॅगा उलट्यापालट्या करत असायचे, तोवर आमच्या बाया आंघोळ करून तयार. चष्मा उजवीकडे, औषधं डावीकडे, तिकीट आणि आधारकार्ड कमरेच्या बटव्यात. डोळे मिटून हात घातला तरी वस्तू सापडली पाहिजे, अशी तिची शिस्त. आणि रोवण्यावर जशी एक बाई चटणी आणते, एक पाणी, तसंच इथं. सगळ्यांत मिळून एक तेलाची बाटली, एक सुईदोरा, एक बाम. "साऱ्यांची डोकी काय एकाच वेळी दुखतेत?" असं ती विचारायची.

पण सगळ्यांत नामी होती ती तिची परीक्षा. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकीनं आपली पिशवी घेऊन गावतलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, आणि चालताना गोष्ट सांगायची. कुठलीही. जिची गोष्ट थांबली तिचं सामान जास्त. शेजारची पार्वताबाई एका वर्षी सुनेची गोष्ट सांगत निघाली. सुनेच्या गोष्टीत पार्वताबाईला कधी दम लागल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पाळीच्या मध्यावर ती दोन शब्दांवर आली, मग एका शब्दावर, मग नुसतीच उभी राहिली. मोठाईनं तिच्या पिशवीत हात घातला तर तळाशी लोखंडी तवा. "काहून वं पार्वता, हा कायले?" पार्वताबाई म्हणाली, "दुसऱ्याच्या तव्यावर माही भाकर फुगत नाई, अनुसयाबाई." त्या दिवशी पाळीवर बाया पोट धरधरून हसल्या. तवा घरी राहिला आणि पार्वताबाई काशीला जाऊन आली. भाकरी तिथंही फुगल्या.

द्वारका झाली, अमृतसर झालं. गावातल्या बाया जग फिरल्या, पण आई काही गेली नाही. एखाद्या वर्षी ऐन सहलीच्या वेळी म्हैस व्यायची, एखाद्या वर्षी मी. कधी बाबांची कंबर. आई दरवर्षी इतरांच्या साड्यांच्या पेंड्या बांधून द्यायची, गाठ तिची मोठाईपेक्षाही सुबक, आणि बाया निघाल्या की फाटकाशी उभी राहून हात हलवायची. यंदा मोठाईनं कुणाला विचारलंच नाही. कापणीच्या आधीच येऊन सांगितलं, "पुरी. अन् सुमन येऊन राहिली. म्हशीचं कोणी पाहा." तिकिटं काढून झाली. धान घरी आलं, मळणी झाली... आणि मोठाई गेली.

ती रिकाम्या हातांनी आली तशीच गेली, वगैरे बोलणारे बरेच भेटले. मला त्यांचा राग आला. मोठाई कुठंही रिकाम्या हातांनी गेली नाही, हवं तेवढं घेऊन गेली. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो समजावण्यात तिची अर्धी हयात गेली होती.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाया आमच्या अंगणात जमल्या. जायचं की तिकिटं रद्द करायची? अर्ध्याजणींचा पाय निघत नव्हता. तेवढ्यात बाबा मायेनंच म्हणाले, "जा, मी नाई म्हणत नाई. पण वहिनी नाई आता. सोबत कोणी माणूस पाहिजे. मी येतो, सामान उचलाले होईन." आई नेहमी हो म्हणून मान हलवते. त्यांच्या प्रत्येक बोलण्याला तिनं मान हलवलेली मी लहानपणापासून बघत आले आहे. त्या दिवशी तिनं हलवली नाही. आत गेली, भरलेली पिशवी घेऊन बाहेर आली, चपला घातल्या आणि तलावाकडे चालू लागली. बाया उठल्या, मी उठले. बाबा काही न कळून मागोमाग आले.

पाळीवर चढल्यावर आईनं गोष्ट सुरू केली. पुरीची. धर्मशाळेची खोली कशी होती, कडी कशी लागत नव्हती, चुंगड्यांच्या मधोमध ती कशी बसली होती. बाकीच्या आल्या तेव्हा त्यांच्या लुगड्यांचे काठ ओले होते, पायांना वाळू होती, आणि तिनं ती वाळू झाडूनं गोळा करून बाहेर टाकली होती. आई कधी सलग चार वाक्यं बोलत नाही. ती बोलत होती आणि चालत होती, दम जरासुद्धा लागला नव्हता. बाबा तिच्या बाजूनं चालत होते, पाण्याकडे बघत. ही गोष्ट त्यांनी तिच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. पाळ संपली तेव्हा ते म्हणाले, "तलावासारखाच असते, म्हणलो होतो मी."

"हो," आई म्हणाली.

"नसते का तसा?"

"मले काय मालूम? म्या कुठं पायला?"

बाबांनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "मंग पाहून ये. म्हैस मी पाहातो."

वरठीच्या स्टेशनवर आम्ही दोघं त्यांना सोडायला गेलो. गाडी लागली, बाया आपापली पिशवी घेऊन भराभर चढल्या, आई सर्वांत शेवटी. बाबा सवयीनं पुढे झाले, पण उचलायला काही नव्हतंच. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते हलवले, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

मी त्यांच्या सोबतीला आसगावलाच राहिले. दोन दिवसांनी सकाळी म्हशीचं दूध काढून (अर्धं भांड्यात, अर्धं धोतरावर) बाबा ओट्यावर बसले होते, तेव्हा आईचा फोन आला. मागून नुसता घोंघाट. आई ओरडून बोलत होती, "पोचलो! समोरच हाय! आता फोन ठेवतो, मले दोन्ही हात लागतेत. आम्ही साऱ्या हात धरून उतरून राहिलो!" बाबा म्हणाले, "अवं, जपून..." पण तिकडून उत्तर आलं नाही. मी फोन बंद करायला हात पुढे केला तर बाबांनी अडवलं. आई फोन बंद करायला विसरली होती. तो तसाच तिच्या पाठीवरच्या पिशवीत पडला होता.

मग आम्ही दोघं ओट्यावर बसून ऐकत राहिलो. लाट येत होती, फुटत होती, बाया किंचाळत होत्या. त्यात आईचं हसणं मी ओळखलं. इतकं मोठ्यानं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मला मोठाईची अशी आठवण आली की डोळे भरले, आणि तरी मी हसत होते. एक मोठी लाट आली असावी, कारण क्षणभर सगळंच बुडालं. मग पार्वताबाईचा आवाज वर आला, सगळा समुद्र झाकून टाकणारा, "अनुसयाबाई, पाहून राहिली का वं? सुमन कमरेपर्यंत गेली!"