पिवळी अक्षरं

आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर रोज सकाळी कोरे होऊन उठायचे. आदल्या दिवशी तुम्ही रंग बदला, अक्षरांचा आकार बदला, पडद्यावर गणपतीचा फोटो लावा, दुसऱ्या दिवशी सगळं पुसलेलं. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना डोळे होते.

माझे जात होते. नजरेचा मधला भाग हळूहळू जाईल, कडेचं राहील आणि चष्म्यानं यात काही फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे समोरच्या माणसाचे कान दिसणार, तोंड दिसणार नाही. कोल्हापुरातली निम्मी तोंडं न दिसलेलीच बरी, असं मी डॉक्टरांना म्हटलं, आणि बाहेर येऊन रिक्षात रडले. रिक्षावाल्याला वाटलं कुणी गेलं. "कोण व्हतं, ताई?" असं त्यानं विचारलंसुद्धा.

ऑफिस शिवाजी पेठेत, पहिल्या मजल्यावर. आधी तिथं टायपिंग शिकवत, मग कॉम्प्युटरचा क्लास झाला, मग पाटी बदलून सॉफ्टवेअर कंपनी. पाटी तेवढी बदलली. मालकांना आम्ही सगळे सरच म्हणत होतो, कारण आमच्यातले निम्मे त्यांच्या क्लासात शिकलेले होते. मीही. दूध संस्थांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो: कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, पावती कशी निघणार. त्यातला फॅटचा हिशोब माझा. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशी मी तिथं शहाणी होते, आणि तो शहाणपणा मला फार आवडायचा.

कोड ज्यात लिहितात त्या प्रोग्रॅमला एडिटर म्हणतात. माझ्या एडिटरचा पडदा काळा, अक्षरं पिवळी, आणि एका ओळीत जेमतेम चार शब्द मावतील एवढी मोठी. असं असलं की मी कुणाच्याही बरोबरीनं काम करायचे, खरं तर कुणाहीपेक्षा चांगलं. पांढऱ्या पडद्यावरची बारीक काळी अक्षरं समोर आली की नुसतं धुकं.

हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्यात पूर्वी एकजण तोतरं बोलायचा. तो नोकरी सोडून गेला तरी जेवणाच्या सुट्टीत त्याची नक्कल चालूच होती, आणि सगळ्यात मोठ्यानं सर हसायचे. मला माझी नक्कल नको होती. म्हणून मी कोपऱ्यातली खुर्ची धरली, पाठ भिंतीला. कुणी जवळ आलं की दोन कळा दाबून अक्षरं बारीक करायची आणि पुढचं पाठ असलेलं बोलायचं. कोड मला ओळीनं पाठ होता. लोकांना वाटायचं, ही बाई पडद्याकडे बघतसुद्धा नाही, काय हुशारी.

पण रोज सकाळी ती पिवळी अक्षरं गायब व्हायची, आणि ती परत आणायला मला त्याच धुक्यात चाचपडावं लागायचं, नाक पडद्याला लावून. सगळ्यांच्या आधी ऑफिसला पोहोचायचं, ही माझी रोजची धडपड. गडमुडशिंगीहून येणारी बस चुकली की वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायचं.

शेवटी मी त्याच्या मागे लागले. आधी वाटलं, एडिटर सेटिंग लिहूनच ठेवत नसेल. एडिटर बंद करून उघडला. अक्षरं मोठीच. म्हणजे लिहून ठेवत होता. मग सरांच्या भाच्यावर संशय घेतला. मशीनची देखभाल त्याच्याकडे होती आणि त्याच्यावर संशय घ्यायला मला आवडायचं. पण तो दहाच्या आत ऑफिसला यायचाच नाही आणि संध्याकाळी माझ्या आधी निघायचा, त्यामुळे त्याला सोडून द्यावं लागलं. मग मी एक रिकामी फाइल डेस्कटॉपवर ठेवली आणि तसलीच दुसरी डी ड्राइव्हवर. डी ड्राइव्ह म्हणजे आमची सगळ्यांची सामाईक जागा, सर्व्हरवर; सगळं काम तिथंच ठेवायचं असा नियम. सकाळी डेस्कटॉपवरची गेलेली, डी वरची जागच्या जागी. आता लक्षात आलं. बाकीचे खाली चहाला गेले तेव्हा मशीन बंद करून चालू केली, तर डेस्कटॉप पुन्हा कोरा.

ते क्लासच्या काळातलं दुखणं होतं. पोरं कॉम्प्युटरची वाट लावतात म्हणून सरांनी तेव्हा प्रत्येक मशीनमध्ये एक प्रोग्रॅम घालून ठेवला होता: मशीन चालू झाली की सी ड्राइव्ह मूळपदावर. क्लास बंद झाला, पोरं गेली, आम्ही पगारी माणसं आलो, पण तो प्रोग्रॅम काढावा असं कुणाला वाटलं नाही. त्याचा पासवर्ड सरांकडे. मी एकदा विषय काढून बघितला. "रोज सेटिंग लावायला काय जातंय?" सर म्हणाले. "केस रोज विंचरतीसच की."

मग मी माझ्यापुरतं बघितलं. एडिटरनं आपली सेटिंग सी ड्राइव्हवर ठेवायच्या ऐवजी डी वरच्या माझ्या फोल्डरात ठेवावी, असा शॉर्टकट करून तोही डी वरच ठेवला. त्या शॉर्टकटनं एडिटर उघडला की काळा पडदा, पिवळी अक्षरं. बस चुकली तरी चालायला लागलं. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला असेल.

आणि मग माझीच जीभ नडली. एका दुपारी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली, सगळ्या मशीन बंद. लाईट आल्यावर सगळे आपापलं पुन्हा लावत बसले, आणि मी मात्र कामाला लागलेली. शेजारी मुरगूडची एक मुलगी बसायची. गुणी पोरगी, म्हणून तिचा जास्तच राग यायचा. "अक्का, तुमचं लगेच कसं काय सुरू झालं?" तिनं तिच्या जागेवरूनच विचारलं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण कुणी अक्का म्हणून विचारलं की मला शिकवायची हुक्की येते. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, शॉर्टकट, सगळं समजावून सांगितलं. पडदा तेवढा दाखवला नाही. सरांच्या कानावर गेलंच. "अगं, सगळ्यांना दे की ही युक्ती," ते म्हणाले. "एकटीच काय खातीस?"

"मी करतो मामा, रविवारी बसून," भाचा म्हणाला.

मी त्याला बजावलं. "प्रत्येकाच्या नावाचा वेगळा फोल्डर कर हं. न्हायतर एकाचं सगळ्यांना लागंल."

"व्हय व्हय, अक्का. मला शिकवू नका."

सोमवारी बस उशिरा आली. जिन्यातच हसण्याचा आवाज आला. दारात पोहोचले आणि बघितलं तर कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या ऑफिसातला प्रत्येक पडदा मला दारातून वाचता येत होता. भाच्यानं माझा शॉर्टकट उचलला होता आणि जसाच्या तसा सगळ्यांसाठी डी वर ठेवला होता. सगळीकडे काळा पडदा, पिवळी अक्षरं, एका ओळीत चार शब्द.

"मशीनला म्हातारपण आलंय," कुणीतरी म्हणालं.

"वडापच्या गाडीची पाटी हाय की ही."

"आंधळ्यांच्या शाळंतनं आणलंय काय?"

सर आले, बघितलं आणि विचारलं, "कुणाचं हाय हे?"

"फोल्डर अक्काचा हाय, मामा," भाचा म्हणाला. आपली चूक दुसऱ्याच्या नावावर खपवायला त्याला कधी वेळ लागत नसे.

"टेस्टिंगसाठी केलंय, सर," मी म्हटलं.

सरांनी आयुष्यभर पोरांच्या थापा ऐकल्या होत्या. क्लासात त्यांची एक पद्धत होती. कुणी काम केल्याची थाप मारली की त्याला सगळ्यांसमोर उभं करायचं आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचायला लावायचं. आमच्यापैकी कितीतरीजण असे उभे राहून रडले होते. त्यांनी भाच्याला मुरगूडच्या त्या मुलीचा एडिटर पुन्हा पांढरा, बारीक अक्षरांचा करायला लावला आणि मला म्हणाले, "ये हिकडं. उभी ऱ्हा. वाच."

मी उभी राहिले. समोर धुकं. पण ती मुलगी त्या आठवड्यात माझ्याच फॅटच्या भागात काहीतरी बदल करत होती, हे मला माहीत होतं. ओळींची ठेवण कडेनं बघून घेतली आणि सुरुवात केली. आधी दूध गाईचं की म्हशीचं ते बघायचं, मग फॅट, मग डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा. एका ठिकाणी मी स्वतः मराठीत टीप लिहून ठेवलेली होती, तीही वाचली. कुठं अडखळले नाही. मला वाटलं, जिंकले. मला खरंच आनंद झाला होता.

"अक्का," ती मुलगी अगदी हळू म्हणाली, "ते पावती छापायचं हाय. फॅटचं उघडलेलं न्हाय."

कुणी हसलं नाही. तोतऱ्या माणसावर वर्षभर हसलेली ती माणसं, पण त्या दिवशी एकाच्याही तोंडातून आवाज फुटला नाही. हसली असती तर मी भांडले असते. सर म्हणाले, "बस, बाळ." क्लासात असताना त्यांनी मला कधी बाळ म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून सगळे माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागले, जणू कान गेले होते. पाण्याचा ग्लास हातात आणून द्यायला लागले. सरांनी मला फोनच्या टेबलावर बसवलं. संस्थांचे फोन येतात, ते घ्यायचे. "फोनला डोळं लागत न्हाईत," ते म्हणाले. त्यांना वाटलं, आपण चांगलं केलं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

"सर, मोठ्या अक्षरांत मला सगळं येतंय," मी म्हटलं. "एवढी वर्षं केलंयच की."

"एवढी वर्षं न बघता केलंस, त्याचंच तर भ्या वाटतंय."

मग त्यांनी माझा सगळा कोड भाच्याला पुन्हा तपासायला लावला. तो बरेच दिवस बसला. एकही चूक निघाली नाही. हे मला सरांनी सांगितलं नाही, भाच्यानंही नाही. त्या मुलीनं सांगितलं, चोरी केल्यासारखा आवाज काढून.

त्याच सुमारास भाच्यानं प्रत्येकाच्या नावाचा वेगळा फोल्डर केला. मी सांगितलं होतं तसंच, आणि अर्ध्या दिवसात झालं. माझ्या नावाचा केला नाही, आणि जुना होता तो जागा अडवतोय म्हणून काढून टाकला. मला विचारलं नाही. मी तिथंच समोर बसले होते आणि फोनवर एका संस्थेच्या सचिवांना फॅटचा हिशोब समजावून सांगत होते, पहिल्या ओळीपासून, तोंडपाठ.